मिशांची मासोळी

मावशींच्या बेडकाला पुढच्या पायांना पाच बोटं असायची. मी ढोरांचा डॉक्टर. म्हणजे खरं सांगायचं तर डॉक्टरसुद्धा नाही, त्याच्या हाताखालचा. पण अर्जुनी मोरगावात ज्याच्या हातात इंजेक्शन तो डॉक्टर, इतका सरळ कारभार. तर मी एकदा धीर करून म्हणालो, "मावशी, बेडकाला पुढं चारच बोटं असतात." त्या नुकताच ओतलेला पितळी बेडूक चिंचेनं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असू दे. माह्या बेडकाले पाच हायेत."

"पण खऱ्या बेडकाला..."

"त्याले कमी पडलं म्हनून तं मी देऊन राहिली नं गा. एवढा मोठा संसार देवानं एकट्यानं केला. एखांदं बोट राहून जात नसन का?"

मी चहा पिऊन कामावर गेलो.

अशा देवाच्या राहून गेलेल्या पुष्कळ गोष्टी मावशी करून टाकत. त्यांच्या लांडोरीला मोराइतकाच पिसारा असे, कारण "अंडे तिनं द्याचे अन नाच त्यानं कराचा, हा कोन्ता न्याय?" त्यांचा खेकडा सरळ चाले. निदान सरळ चालल्यासारखा दिसे. गोगलगाईला त्यांनी एकदा मागे दार करून दिलं होतं. मी पहिले काही महिने दुरुस्त्या सुचवल्या, मग सोडून दिलं. माझी बायको म्हणाली, "तुम्ही ढोरांना इंजेक्शन द्या, मावशींना देऊ नका." बायको असं मोजकं बोलते आणि मग दिवसभर आपण त्यावर विचार करत बसतो.

आम्ही मावशींच्या घरात भाड्यानं राहत होतो. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची खोली आणि आवार त्यांचं. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. संध्याकाळी घरी आलो की आज कोणकोणती जनावरं पाहिली ते सांगायचं. "आजार नको सांगू. बसलं कसं होतं ते सांग." मी सांगायचो, त्या मेण मळत ऐकायच्या. अंगावर लुगडं आणि त्यावर नवऱ्याचा जुना सदरा, कारण भट्टीच्या ठिणग्यांनी लुगड्याला भोकं पडत. सदऱ्याच्या एका खिशात सुपारी आणि त्याच खिशात मेणाचे गोळे. बोलण्याच्या नादात मेण तोंडात टाकायच्या आणि बराच वेळ चघळल्यावर म्हणायच्या, "ही सुपारी नरम निघाली." एक भुवई भट्टीच्या झळीनं कायमची गेलेली. त्यामुळे त्या नेहमी अर्ध्या चकित झालेल्या दिसत.

घराणं ओताऱ्यांचं. सासरे आणि नवरा बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ओतत. ट्रॅक्टर आले, घंट्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि त्यातच नवरा गेला. मुलगी वर्षा तेव्हा शाळेत होती. "बैल गेले, घंट्या गेल्या, बुढा गेला," मावशी सांगत. "राहिली भट्टी. मंग मी बैलच ओताले लागली." बैलानंतर बेडूक, मग मुंगूस, मग कानातले टोळ, भाताच्या लोंबीचे डूल, कमरेला लटकवायच्या किल्ल्यांच्या छल्ल्यावर पाल. ती पाल माझ्या बायकोनं घेतली आणि तेव्हापासून आमच्या किल्ल्यांना कुणी हात लावत नाही.

कामाची रीत जुनीच. आधी मेणाचं जनावर करायचं. त्यावर वारुळाची माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून लिंपायचं. सुकलं की तापवायचं. मेण वितळून निघून जातं आणि आत जनावराच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वरच्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. माती फोडली की जनावर बाहेर येतं, पण ज्या वाटेनं धातू आत गेला ती वाटही धातूची होऊन त्याला चिकटलेलीच असते. काडीसारखी. जगातले सगळे ओतारी ती काडी कापून, घासून मगच माल विकतात.

मावशी कापत नसत. त्या काडीला त्या नाळ म्हणायच्या. "बाळंतपन माहं, नाळ तुही," असं गिऱ्हाइकाला सांगून त्याच्या हातात आरी द्यायच्या. ज्याला जनावर पाहिजे त्यानं आवारात पाटावर बसून नाळ कापायची. जो कापेल त्याचं ते जनावर. कापायची नसेल तर दुकानात जा, गोंदियाला पुष्कळ दुकानं आहेत.

नवेगावच्या जंगलात वाघ पाहायला आलेले एक नागपूरचे साहेब कुणाकडून तरी पत्ता काढत आले होते. त्यांना बायकोसाठी गळ्यात घालायचा चांदीचा वाघ पाहिजे होता. मावशींनी केला. झोपलेला. पाय पोटाशी, तोंड पंज्यात. साहेब नाराज झाले. म्हणाले, "मावशी, वाघ कसा डरकाळी फोडताना पाहिजे."

"तुमी पाहिला का डरकाळी फोडतानी?"

"नाही. दिसलाच नाही."

"झोपून असन," मावशी म्हणाल्या. "वाघ झोपूनच राहते जास्त. लोकाइले उगीच वाटते का तो आपल्यासाठीच उठून बसला."

साहेब हसले आणि मुकाट्यानं आरी घेऊन बसले. फोन वाजत होता, पँटला माती लागत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. नाळ तुटली तेव्हा ते वाघाला तळहातावर घेऊन इतक्या हळू उभे राहिले की मला वाटलं, त्याची झोप मोडेल म्हणून घाबरले की काय.

पण एक दागिना असा होता की त्याची नाळ कापायला कुणी येत नव्हतं, आणि मावशींचा जीव सगळा त्यात होता. तो म्हणजे वर्षाच्या मासोळ्या.

लग्न झालेल्या बाईच्या पायाच्या बोटांत जोडव्यांबरोबर मासोळ्या असतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाजारच्या मासोळीत मासा कुठं असतो? एक चपटी पट्टी, दोन रेघा, झाला मासा. मावशींना हे मुळीच मंजूर नव्हतं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी आपल्या पायातल्या चांदीच्या तोरड्या वितळवल्या आणि वर्षासाठी मासोळ्या ओतल्या. आमच्याकडच्या बोड्यांमध्ये, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांमध्ये, चिखलात मांगूर नावाचा मासा असतो. काळा, गुळगुळीत, आणि तोंडाला लांब लांब मिशा. मावशींनी मांगूर केला. मिशांसकट.

पुढचं मी मावशींकडून ऐकलं, शेजारणीकडून ऐकलं, न्हाव्याकडूनही ऐकलं. सप्तपदीला तांदळाच्या राशी मांडल्या होत्या. वर्षा एकेका राशीला पाय लावत चालली आणि सातव्या राशीजवळ धाडकन पडली. मांडवात एकच गलका. गोंदियाच्या विहीणबाईंनी नवरीचा पाय हातात घेऊन पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे बाप रे, ये क्या है? मूछवाली मछली? शालूत अडकली ना!" तिथल्या तिथं मासोळ्या उतरल्या, कुणाच्या तरी पिशवीतून बाजारच्या निघाल्या, त्या चढल्या. वऱ्हाडी हसत जेवले. जावयाचं भांड्यांचं दुकान आहे, घर चांगलं आहे, वर्षा सुखात आहे. पण मूछवाली मछली ही गोष्ट त्या घरात अजून सांगतात म्हणे.

मावशी मात्र कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि लेकी माहेरी येतात. वर्षाही येते. तर दर मंडईला मावशी मासोळ्यांची नवी जोडी ओतायच्या. दोन मासे एकाच नाळेला, शेपटीशी जुळलेले. वर्षा आली की करंज्यांच्या ताटलीत ती जोडी ठेवायची. आणि वर्षा दरवेळी करंजी उचलून म्हणायची, "राहू दे आई. अडकते." बस, एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी करून संध्याकाळच्या गाडीनं परत. मावशी ती जोडी भट्टीवरच्या फळीवर ठेवून द्यायच्या आणि दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत.

मी एकदा चिडून विचारलंच. "मावशी, मिशा काढून टाका की. एवढ्यासाठी मुलगी घालत नाही. तुमच्या हट्टापायी..."

"तू मांगूर पाहिला नं गा?" त्यांनी मला विचारलं. "कोन्त्या पान्यात राहते?"

"गढूळ."

"चिखलात राहते. तेथी डोळे कामाचे नाही. मिशीनं चाचपत चाचपत जाते तो. इथं दगड हाये, इथं काटा हाये, इथं खायाचं हाये." त्यांनी मेणाचा दोरा दोन बोटांत वळत वळत केसासारखा बारीक केला. "माही पोरगी परक्या घरी चालली होती. बाप नाही तिले. तेथी कोन कसा हाये, दिसते का वरून? म्हटलं, मिशा देऊन ठेवू."

मी म्हणालो, "हे तिला सांगितलं का कधी?"

"सांगाचं काय? घातल्यावर समजलं असतं."

हे खास मावशी. आता त्या फळीकडे पाहताना माझ्या एक लक्षात आलं. साऱ्या जोड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पहिल्या जोडीच्या मिशा चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या. पुढच्या थोड्या आखूड. त्यापुढच्या आणखी. ज्या बाईनं बेडकाच्या एका बोटासाठी माझं ऐकलं नाही, ती दर वर्षी मुलीसाठी एकेक धानाएवढी माघार घेत आली होती, आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मला एकदम त्यांची फार माया आली. मी विषय बदलून गाभण म्हशीचं काहीतरी सांगत बसलो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मावशी आमच्या दारात आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "सूनबाई, तुह्यासाठी मासोळ्या केल्या. चार रोज घालून पाहाय. अन खरं सांग." बायकोनं पाटावर बसून नाळ कापली, मासोळ्या घातल्या. पहिल्याच दिवशी मच्छरदाणीत अडकल्या. मग पायपुसण्यात. मग साडीच्या काठात, आणि काठ उसवला. चौथ्या दिवशी मावशी परत आल्या. मी बायकोकडे पाहून डोळे मोठे केले, पण ती खोटं बोलणाऱ्यातली नाही.

"मावशी, दिसायला इतक्या सुंदर आहेत की काढवत नाहीत," ती म्हणाली. "पण अडकतात हो."

मावशींनी उसवलेला काठ हातात घेऊन पाहिला आणि तिथंच बसून सुई मागून शिवून दिला.

मंडईच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बिनमिशांची जोडी ओतली. मिशा म्हणजे सगळ्यात अवघड काम. इतक्या बारीक वाटेनं चांदी पोचतच नाही, मधेच थिजते, मग पुन्हा मेण, पुन्हा माती. दरवर्षी एक जोडी उतरवायला त्यांना किती वेळा माती फोडावी लागे. ही जोडी पहिल्याच ओतीत उतरली. खड्डा नाही, डाग नाही, दोन गुळगुळीत गोजिरवाणे मासे. मी म्हणालो, "वा मावशी, काय सुरेख!"

"सोपी झाली," त्या म्हणाल्या. "आंधळं केलं मी याइले."

मंडईच्या दिवशी वर्षा दुपारी आली. आवारात चटई टाकली होती. मला आणि बायकोलाही करंज्या खायला बोलावलं होतं. वर्षाच्या हातात फोन, खांद्यावर मोठी पिशवी. मुलांच्या परीक्षा, दुकानातली गर्दी, गाडीत जागा मिळाली नाही, अशा गोष्टी चालल्या होत्या. मावशींनी ताटली पुढं सरकवली. वर्षाचा हात करंजीकडे गेला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "राहू दे आई, अड..."

ती थांबली. करंजी सोडून तिनं जोडी उचलली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"मिशा कुठी गेल्या?"

"काढल्या," मावशी म्हणाल्या.

"काऊन?"

"तुले अडकते म्हनून." मावशी चटईची काडी खुडत होत्या. "डॉक्टरच्या बायकोनं बी घालून पाहाल्या. तिले बी अडकल्या. माही चुकी होती वं. मांडवात तुले मीच पाडलं."

मावशींच्या तोंडून "माही चुकी" हे शब्द मी तोवर कधी ऐकले नव्हते. देवाच्या चुका काढणारी बाई ती. माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

वर्षानं जोडी तळहातावर घेतली. मग म्हणाली, "तू नाही पाडलं."

"मी नाही तं कोनं?"

"मिशी अडकलीच नव्हती, आई. मी मांगं पाहून राहिली होती. काका-काकू कन्यादानाले समोर, अन तू कुठीच दिसून नव्हती राहिली. मले मालूम होतं तू खांबामांगं उभी हाये. बाबा नाही म्हनून कोनी तुले समोर नाही येऊ दिलं." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "सातव्या राशीवर पाय ठेवला का झालं लग्न. म्हटलं, त्याच्या पहिले एकडाव पाहून घेऊ. मान मांगं, पाय समोर, अन पडली. सासूबाई बोलल्या मिशी अडकली. मी बी हो म्हटलं. मांडवात काय सांगू, मले आईपाशी वापस जायाचं हाये म्हनून?"

मावशींची एकच भुवई हलली. "मंग घालत काऊन नव्हती?"

"घातल्या होत्या. लग्नातल्याच, पेटीत लपवून नेलेल्या. पहिल्या सालीच, घरात कोनी नसतानी. दुकानात डबा नेऊन द्याचा होता. उंबऱ्यापावतर गेली अन पायाकडं पाहिलं, तं तूच आठवली. तेथीच बसून राहिली, डबा मांडीवर घेऊन." वर्षानं डोळे पुसले आणि मग अगदी हळू म्हणाली, "मासोळ्या नाही अडकत वं आई. मी अडकते."

मला चिखलातल्या मांगुराची गोष्ट सांगावीशी फार वाटली, पण ती सांगायची पाळी माझी नव्हती.

"अन मी येडी दरसाली मिशी कापून राहिली," शेवटी मावशी म्हणाल्या. "एक शब्द सांगाले काय झालं होतं तुले?"

"तू सांगते का काही?"

यावर दोघी हसल्या. एकाच पद्धतीनं हसतात, ओठ मिटून, खांदे हलवत. मावशी गुडघ्यावर हात देऊन उठायला लागल्या. "थांब. मिशीची देते तुले. फळीवर हायेत साऱ्या. पाहिजे ते घे."

वर्षानं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "नको. आज ह्याच घालते. ह्या घालून निंघता तरी येईन. घरी पोट्टे वाट पाहून राहिले."

तिनं पाटावर बसून आरी घेतली. मी जोडी पकडीत घट्ट धरली. तिचा हात सफाईनं चालत होता. लहानपणी किती नाळा कापल्या असतील या आवारात. दोन मासे वेगळे झाले. तिनं ते एकेक करून पायाच्या बोटांत सरकवले, आणि मावशींनी पुढं वाकून ते नीट बसले का म्हणून बोटांनी चाचपून पाहिलं. एक बोट, मग दुसरं, मग उगीच पहिलं पुन्हा.

गाडीची वेळ झाली. वर्षा पिशवी खांद्याला लावून उठली, आईच्या पाया पडली आणि फाटकाबाहेर पडली. मावशी फाटकाशी सदऱ्याच्या खिशात हात घालून उभ्या होत्या. वर्षा थोडी पुढं गेल्यावर त्या मोठ्यानं, रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहावं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "जाय बाई. पन अडकत जाय वं कधी कधी."